हायड्रोपोनिक्ससाठी स्वयंचलित डोसिंग यंत्रणा: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या पॉलिहाऊसमध्ये मातीविना, खताच्या पाण्यावर वाढणाऱ्या लेट्यूस आणि बेझिलसाठी बसवलेल्या, खत व आम्ल आपोआप मोजून सोडणाऱ्या या यंत्रणेने उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा काढला आहे. २०० लिटरची टाकी, ‘अ’ व ‘ब’ ही खतांची द्रावणे आणि पातळ केलेले फॉस्फोरिक आम्ल यांचे तीन पेरिस्टाल्टिक (रोलरने नळी दाबून द्रव ढकलणारे) पंप, पीएच (आम्लता) व ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे प्रमाण) मोजणारे प्रोब आणि कंट्रोलर एवढाच तिचा पसारा आहे.

आमचे विहिरीचे पाणी जांभ्यातले, म्हणजे मृदू. त्यात बायकार्बोनेट कमी असल्याने थोड्याशा आम्लानेही पीएच एकदम खाली येतो. कारखान्यातून आलेल्या सेटिंगमध्ये दोन डोसांमधील विश्रांती इतकी कमी होती, की आधीचे आम्ल टाकीभर मिसळण्यापूर्वीच कंट्रोलर पुढचा डोस सोडत असे आणि ६.० वर थांबायला हवा तो पीएच पाचाखाली जाई. डोस लहान केला, विश्रांती १५ मिनिटांची ठेवली आणि आम्लाची नळी परतीच्या पाण्याच्या धारेपाशी आणली, तेव्हा हा प्रकार थांबला.

खरी परीक्षा जुलैत झाली. पडद्यावरचा पीएच ७ च्या आसपास खिळून राहिला, आम्लाची बाटली भराभर रिकामी होऊ लागली आणि हातातल्या मीटरवर मात्र टाकीचा पीएच पाचापेक्षाही कमी दिसत होता. प्रोब ४.०० च्या बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या तपासणी-द्रावणात) बुडवूनही कंट्रोलर सहाच्या वरचाच आकडा दाखवी. विक्रेत्याने प्रोब बदलण्याचा सल्ला दिला. परंतु तोच प्रोब दुसऱ्या मीटरला जोडला असता आकडे बरोबर आले. दोष बीएनसी सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोबची तार कंट्रोलरला जोडण्याच्या जागी, शिरलेल्या ओलाव्याचा होता. पीएच प्रोबचा संदेश अत्यंत क्षीण असतो. ओलावा तो जिरवून टाकतो आणि शून्य मिलिव्होल्ट म्हणजे कंट्रोलरच्या लेखी पीएच ७. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवल्यावर ४ आणि ७ च्या बफरमधील फरक पुन्हा १७० मिलिव्होल्टच्या वर गेला (२५ अंशांना तो सुमारे १७७ असायला हवा). आता जोडावर टेप गुंडाळलेली असते आणि कंट्रोलरच्या पेटीत सिलिका जेल. वॉरंटीचा दावा ‘दमट हवेचा परिणाम’ म्हणून फेटाळला गेला. गोव्यात यंत्र विकताना दमट हवा गृहीत धरायला नको काय?

पंप सुरू होताच पीएच उडी मारत असेल, तर पाण्यात उतरणारी गळती वीज तपासावी. आमच्याकडे पाणबुडी पंप बदलल्यावर ते थांबले. पंपांच्या सिलिकॉन नळ्या रोलरखाली चपट्या होऊन डोस हळूहळू घटतो, म्हणून मोजपात्रात प्रवाह दर महिन्याला मोजावा. ‘अ’ आणि ‘ब’ द्रावणे पाण्यात पातळ न होता एकत्र आली, तर कॅल्शियमचा फॉस्फेट व सल्फेटशी संयोग होऊन साका बसतो, म्हणून त्यांच्या नळ्या वेगळ्याच ठेवाव्यात.

मेनूत खोलवर दडलेली आम्लाची दैनिक कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी, कारण प्रोब चुकला की या यंत्राला दुसरे काहीही अडवत नाही. टाकी एकच असेल, तर चांगला हातमीटर पुरेसा आहे; दोन-तीन टाक्या असतील, तरच हा खर्च वसूल होतो.