महामार्गालगतची शाळा की गावातली?

गेल्या महिन्याभरात पुण्यात, कोथरूडमधल्या तीन ओळखीच्या घरांनी मला हाच प्रश्न विचारला, कारण आमची मुलगी पहिली-दुसरी एका शाळेत शिकली आणि तिसरीपासून दुसऱ्या शाळेत आहे. दोन्ही शाळांत प्रवेशासाठी झुंबड असते आणि दोन्हींचे निकाल चांगले लागतात. नावं घेत नाही. एक बाणेरच्या बाजूला, महामार्गालगत, सीबीएसईची. दुसरी गावात, म्हणजे जुन्या शहरात, पेठेतली, राज्य मंडळाची, सेमी-इंग्रजी.

फीचं गणित तुम्ही मांडलं असेलच. आम्हाला पहिली शाळा बससकट जवळजवळ चौपट पडत होती. फक्त एक करा : कुठेही पैसे भरण्याआधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी लेखी मागा. 2011 च्या शुल्क कायद्याने ती समिती आहे, आणि तिच्यावर आपल्यासारखेच पालक असतात.

महामार्गालगतच्या शाळेत जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे. वर्गात तीसच मुलं, धावता येईल एवढं मैदान, आणि उघड्या कपाटांचं ग्रंथालय. मुलं स्वतः पुस्तक काढतात, स्वतः परत ठेवतात. आमच्या मुलीला इंग्रजी वाचनाची गोडी तिथे लागली, त्याबद्दल मी त्या शाळेचा ऋणी आहे. गावातल्या शाळेत वर्गात छप्पन्न जणं आहेत. मधल्या सुट्टीत अंगणात पाय ठेवायला जागा नसते. बाईंचा आवाज चढतो. पहिल्या आठवड्यात मुलगी दोनदा रडत घरी आली. चाचणीचे गुण सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, ते मला आजही पटत नाही आणि मी ते बाईंना भेटून सांगितलंही आहे. स्पर्धेचा ताण दोन्हीकडे आहे. तिथे तो ऑलिम्पियाडच्या फॉर्मांतून येतो, इथे शिष्यवृत्तीच्या आणि पुढे सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या तयारीतून.

बोर्डाचा प्रश्न लोक फार मोठा करतात असं मला वाटतं, अर्थात ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांनी सीबीएसईच धरावं. राज्य मंडळानेही 2025-26 पासून पहिलीपासून सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायला घेतला आहे. मराठीचं म्हणाल तर 2020 च्या कायद्याने ती सगळ्याच बोर्डांच्या शाळांत सक्तीची झाली, पण सक्तीचा विषय असणं आणि वर्गाची भाषा असणं यांत अंतर आहे. दुसरीच्या शेवटी आमची मुलगी दुकानाची पाटी अक्षरं जुळवत वाचायची. आता आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवते, जोडाक्षरांना न अडखळता.

येण्याजाण्याचं थोडं सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांच्या झोपेसाठी तो योग्यच होता. आमच्या बसची वेळ मात्र नेमकी हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे निघणाऱ्या गाड्यांच्या वेळेत आली, आणि चांदणी चौकातून बाणेरकडे जायला दुप्पट वेळ लागू लागला. गावात जाणाऱ्या व्हॅनलाही नळस्टॉपला थांबावं लागतंच, पण अंतर कमी आहे, आणि व्हॅनवाले काका प्रत्येक मुलाचं घर ओळखतात.

एवढ्यावर मी शाळा बदलली नसती. बदलली ती गृहपाठामुळे.

महामार्गालगतच्या शाळेत गृहपाठ मुलांच्या वहीत नसतो, पालकांच्या फोनवर ॲपमध्ये येतो. कधी दुपारी चारला, कधी रात्री पावणेनऊला. मी सात वाजता ऑफिसमधून निघायचो आणि सूसखिंडीच्या आसपास फोन यायचा, आजीच्या फोनवरून : ‘‘बाबा, ॲप बघ ना, उद्या मला काय न्यायचंय?’’ गाडी बाजूला घेऊन बघायचं. तीन प्रकारची पानं, जुन्या मासिकातली चित्रं, पांढरा मोजा. मग पालकांच्या ग्रुपवर शंका : मोजा एक की जोडी? घरी पोचेपर्यंत मुलीचा अर्धा जीव माझ्या फोनमध्ये अडकलेला असायचा. एकदा दुपारीच माझा फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पानं नव्हती आणि बाकीची मुलं चिकटवत असताना ती हाताची घडी घालून बसून राहिली. पालकसभेत मी हे मांडलं तेव्हा उत्तर मिळालं की पालकांनी ॲप नियमित पाहावं. म्हटलं तर बरोबर होतं. पण सात वर्षांच्या मुलीला स्वतःचा उद्याचा दिवस माहीत नव्हता, आणि तो तिला कळावा अशी सोयच तिथे नव्हती. विसरलो मी, आणि मान खाली तिने घातली. हे मला सहन झालं नाही.

गावातल्या शाळेत बाई शेवटच्या तासाला फळ्यावर गृहपाठ लिहितात आणि मुलं डायरीत उतरवून घेतात. सुरुवातीला आमची मुलगी अर्धंच उतरवायची. एकदा कंपासपेटी न्यायची राहिली, बाईंनी डायरीत शेरा लिहिला. तो शेरा तिने स्वतःहून आम्हाला दाखवला, सही मागितली, आणि त्या रात्रीपासून ती झोपण्याआधी डायरी उघडून दप्तर भरते. आम्ही काही बोललो नव्हतो. आता मी घरी येतो तेव्हा ती मला सांगते उद्या काय आहे.

सगळ्याच घरांना हे एवढं महत्त्वाचं वाटेल असं नाही. आईवडिलांपैकी कोणी दुपारी घरी असेल, मूल बुजरं असेल, मोठ्या वर्गात हरवून जाणारं असेल, तर तीस मुलांचा वर्ग आणि ते ग्रंथालय यांचं वजन जास्त आहे. तिथे मी महामार्गालगतच्या शाळेलाच हो म्हणेन. आमची मुलगी बोलकी आहे, छप्पन्नांत तिला तिची जागा सापडली.

पाहायला जाल तेव्हा प्रवेशाच्या खोलीत फार वेळ घालवू नका. शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहा आणि एखाद्या दुसरी-तिसरीतल्या मुलाला विचारा, उद्या काय आहे रे शाळेत? आम्ही गावातल्या शाळेच्या फाटकात एका मुलीला विचारलं होतं. तिने पायरीवर दप्तर टेकवलं, डायरी काढली, बोट ठेवून वाचून दाखवलं, आणि वर म्हणाली, ‘‘काका, मंगळवारचं पण सांगू?’’ दुसऱ्याच दिवशी मी पहिल्या शाळेत शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज दिला.