‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ : सभ्य माणसांनी घातलेला दरोडा

‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ या १९५१ सालच्या ब्रिटिश विनोदी चित्रपटातील दरोडेखोर मूर्ख नाहीत, आणि हा चित्रपट सत्तरहून अधिक वर्षे ताजा राहण्याचे मुख्य कारण मला तेच वाटते. ईलिंग स्टुडिओत मायकेल बाल्कन यांनी निर्माण केलेल्या, चार्ल्स क्रायटन यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि टी. ई. बी. क्लार्क यांनी लिहिलेल्या या जेमतेम ऐंशी मिनिटांच्या कृष्णधवल चित्रपटात चार माणसे बँक ऑफ इंग्लंडचे दहा लाख पौंडांचे सोने पळवतात. त्यांपैकी दोघे आयुष्यभर कायद्याच्या चौकटीत राहिलेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान असलेले गृहस्थ आहेत. योजना उत्तम आहे, हिशेब चोख आहे, एकमेकांवरचा विश्वास पक्का आहे; तरीही पावलोपावली घोटाळा होतो, कारण ज्या गुणांच्या बळावर ही माणसे दरोडा घालतात, ते गुण दरोडा पचवण्याच्या कामी येत नाहीत.

हेन्री हॉलंड (ॲलेक गिनेस) हा बँकेचा कारकून. शुद्धीकरण कारखान्यातून सोन्याच्या विटा मोजून ताब्यात घ्यायच्या, व्हॅनमध्ये त्यांच्यासोबत बसायचे आणि त्या बँकेत सुखरूप पोचवायच्या, हे काम तो वर्षानुवर्षे करत आला आहे. तो त्या विटांना तळहातावरच्या फोडासारखा जपतो. वजनात तसूभर फरक दिसला की हटकतो, मागून येणारी एखादी मोटार जरा जास्त वेळ दिसली की संशय घेतो, आणि बरोबरचे पहारेकरी त्याच्या या काटेकोरपणाला मनातल्या मनात हसतात. वरिष्ठांचे त्याच्याविषयीचे मत ठरलेले आहे : माणूस प्रामाणिक आहे, पण कल्पनाशक्ती नाही, धडाडी नाही. प्रेक्षकाला मात्र लवकरच कळते की हा काटेकोरपणा म्हणजे अनेक वर्षे शांतपणे चाललेली पूर्वतयारी आहे. व्हॅनचा मार्ग, वेळा, पहारेकऱ्यांच्या सवयी हे सर्व त्याला तोंडपाठ आहे, आणि आपल्यावर संशय येऊ नये म्हणून लागणारी सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे निरुपद्रवी माणसाची प्रतिमा, त्याने नोकरीतच कमावली आहे.

पटकथेतील सर्वांत सुंदर कलाटणी इथेच येते. बँकेचे साहेब हॉलंडवर प्रसन्न होतात आणि त्याला जास्त पगाराच्या दुसऱ्या विभागात बढती देऊ करतात. एका निष्ठावान कारकुनाच्या आयुष्यातील ही आनंदाची घटना हॉलंडवर संकटासारखी कोसळते, कारण बढती स्वीकारली की सोन्याची व्हॅन हातातून गेली. दरोड्याला घाई होते ती या बढतीमुळे. आपल्या कर्मचाऱ्याचे भले करण्याच्या प्रयत्नात बँक स्वतःच स्वतःवरचा दरोडा जवळ आणते, आणि हे सांगण्यासाठी चित्रपट एकही शब्द वाया घालवत नाही.

सोने चोरणे हा हॉलंडपुढचा खरा प्रश्न नाही, ते खपवणे हा आहे. त्या काळातील परिस्थिती माहीत असली की या प्रश्नाचे वजन नीट कळते. पौंडाच्या १९४९ च्या अवमूल्यनानंतर सोन्याचा अधिकृत भाव औंसाला सुमारे साडेबारा पौंड होता, म्हणजे दहा लाख पौंडांचे सोने अंदाजे अडीच टन भरते. लंडनचा सोन्याचा खुला बाजार महायुद्धापासून बंद होता, तो १९५४ साली पुन्हा उघडला. परकीय चलन आणि सोने यांच्यावर सरकारचे कडक नियंत्रण होते. अशा देशात अडीच टन सोने घेऊन बसलेला माणूस श्रीमंत नसतो, अडचणीत असतो. ते परदेशी नेले तरच त्याची संपत्ती होते, आणि नेण्याचा मार्ग हॉलंडला सापडत नाही.

तो मार्ग त्याच्या बोर्डिंग हाउसमध्ये राहायला येतो. आल्फ्रेड पेंडलबरी (स्टॅन्ली हॉलोवे) यांचा स्वस्त शोभेच्या वस्तू ओतून घडवण्याचा छोटा कारखाना आहे. मनाने ते कलावंत, शिल्प आणि चित्रे ही त्यांची खरी ओढ. पोटासाठी मात्र ते शिशाचे छोटे आयफेल टॉवर ओतून पॅरिसला पाठवतात आणि तिथे ते पर्यटकांना पेपरवेट म्हणून विकले जातात. भट्टी आहे, साचे आहेत, आणि परदेशी जाणाऱ्या मालाचा रीतसर, संशयातीत रस्ता आहे. हॉलंड ही गोष्ट पेंडलबरींना सरळ सांगत नाही. तो तर्काची एकेक पायरी पुढे ठेवत जातो, आणि दोन मध्यमवयीन माणसे आदबीने, वाक्ये अर्धवट सोडत एका प्रचंड गुन्ह्यापाशी येऊन थांबतात. गिनेस आणि हॉलोवे यांचा हा प्रसंग मी या चित्रपटातील अभिनयाचा कळस मानतो. पेंडलबरींच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल येते, मग धक्का बसतो, आणि त्या धक्क्यातूनच हळूहळू उमेद उगवते. संवादात मात्र एकही वाक्य असे नाही की जे दोन भाडेकरूंनी चहाच्या वेळी बोलू नये.

या बोर्डिंग हाउसविषयी थोडे अधिक सांगायला हवे. दक्षिण लंडनच्या बॅटरसी भागातील लॅव्हेंडर हिल हा मध्यम परिस्थितीतील लोकांचा रस्ता. तिथे हॉलंड संध्याकाळी मिसेस चॉक या वृद्ध बाईंना (मार्जरी फील्डिंग) अमेरिकन गुन्हेगारी कादंबऱ्या वाचून दाखवतो. गिनेसच्या मऊ, किंचित बोबड्या आवाजात गुंडांची ती राकट भाषा ऐकण्यात मौज आहेच, पण हा प्रसंग आणखी काही सांगून जातो. या घरातील प्रत्येकाच्या मनात एक दुसरे, धाडसी आयुष्य दडलेले आहे. टोळी जमल्यावर ‘हॉलंड’चा ‘डच’ होतो आणि ‘आल्फ्रेड’चा ‘ॲल’. त्या वेळी दोघांचे डोळे ज्या तऱ्हेने चमकतात, ते पाहून त्यांच्याविषयी केवळ आपुलकी वाटते.

टोळी जमवण्याची युक्तीही त्यांच्या स्वभावाला शोभणारी आहे. खरे गुन्हेगार कुठे भेटतात हे दोघांनाही ठाऊक नाही. म्हणून ते गर्दीच्या ठिकाणी मोठ्याने बोलू लागतात की कारखान्याची तिजोरी बिघडली आहे आणि पगाराची रोकड रात्रभर तशीच पडून राहणार आहे. मग अंधारात वाट पाहत बसतात. त्यातून हाती लागतात लॅकरी (सिड जेम्स) आणि शॉर्टी (आल्फी बास) हे दोन भुरटे चोर. पुढे सोने पॅरिसला पोचल्यावर आपला वाटा घ्यायला या दोघांना जाताच येत नाही. एकाला घरून परवानगी मिळत नाही, दुसऱ्याला क्रिकेटचा कसोटी सामना सोडवत नाही, आणि दोघेही आपला वाटा मागे ठेवून निर्धास्तपणे निघून जातात. दरोड्याच्या बहुतेक कथा वाटणीवरून होणाऱ्या दगाबाजीवर उभ्या असतात. इथे कोणीही कोणाला फसवत नाही, आणि तरीही कथेतील ताण कमी होत नाही. हे साधणे किती अवघड आहे याचा विचार केला म्हणजे क्लार्क यांच्या लेखनाविषयीचा आदर वाढतो.

क्लार्क महायुद्धाच्या काळात लंडन पोलिसांत राखीव शिपाई होते, आणि सोने चोरण्याची पद्धत खरी वाटावी म्हणून त्यांनी खुद्द बँक ऑफ इंग्लंडकडेच सल्ला मागितला होता. दरोड्याच्या प्रसंगात ही मेहनत दिसते. कॅमेरा लंडनच्या खऱ्या रस्त्यांवर उतरतो आणि डग्लस स्लोकोम यांच्या छायाचित्रणात जर्मन बॉम्बहल्ल्यांनी पाडलेल्या इमारतींच्या मोकळ्या जागा, मधेच उरलेल्या भिंती आणि नदीकाठची गोदामे स्पष्ट दिसतात. देशात तेव्हा अजून रेशनिंग चालू होते. मांसावरचे नियंत्रण तर १९५४ पर्यंत उठले नाही. बारा वर्षे नियम पाळून, रांगा लावून, फॉर्म भरून थकलेल्या प्रेक्षकाला एका नियमनिष्ठ कारकुनाने नियम मोडलेला पाहताना काय वाटले असेल, हे त्या भग्न रस्त्यांकडे पाहून समजते. योजना इथेही क्षुल्लक गोष्टींनी डळमळते. ऐन वेळी पेंडलबरी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडील एक चित्र पाहण्यात गुंततात, ते हातात घेऊन भान हरपून चालू लागतात आणि चोर म्हणून पकडले जातात. तर हात आणि डोळे बांधून घेतलेला हॉलंड थेट थेम्स नदीत पडतो. कलेच्या प्रेमामुळे पेंडलबरी अडकतात, आणि दरोड्याचा बळी असल्याचे सोंग मनापासून वठवल्यामुळे हॉलंडवर बुडण्याची वेळ येते.

पॅरिसचा भाग हा चित्रपटाचा सर्वाधिक गाजलेला भाग, आणि ती कीर्ती सार्थ आहे. सोन्याचे टॉवर असलेली खोकी उघडायची नाहीत अशी सूचना दिलेली असते, पण खोक्यांवरच्या खुणेच्या अक्षराचा इंग्रजी उच्चार फ्रेंच विक्रेतीला वेगळाच ऐकू येतो आणि ती नेमके तेच खोके उघडते. दोघे मित्र आयफेल टॉवरवर पोचतात तेव्हा इंग्लंडहून सहलीला आलेल्या शाळकरी मुली सहा सोन्याचे टॉवर विकत घेऊन लिफ्टने खाली निघालेल्या असतात. मग हॉलंड आणि पेंडलबरी टॉवरच्या गोल जिन्यावरून धावत सुटतात. कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरत राहतो, जॉर्ज ऑरिक यांचे संगीत वेग घेते, पार्श्वभूमीला लोखंडी जाळी आणि दूरवरचे शहर गरगरू लागते, आणि घेरी आलेली ती दोन माणसे भीतीने ओरडता ओरडता हसू लागतात. ते हसू अनावर होत जाते. सर्वस्व हातातून निसटत असताना त्यांना आयुष्यात प्रथमच पूर्ण मोकळे वाटते, आणि हे दृश्य तेवढेच दाखवते, समजावून सांगत नाही. जिन्यातील ते काही क्षण मला सबंध चित्रपटाचे हृदय वाटतात.

त्यानंतरचा भाग मात्र एकसारखा नाही. मुलींच्या शाळेत जाऊन टॉवर बदलून घेणे, त्यांपैकी एका मुलीने आपला टॉवर आपल्या पोलीस मित्राला द्यायचा म्हणून साफ नकार देणे, आणि तो टॉवर पोलिसांच्याच प्रदर्शनात जाऊन पोचणे इथपर्यंत कथा घट्ट विणलेली आहे. त्या मुलीचा नकारही पुन्हा शब्दाला जागण्याच्या वृत्तीतूनच आलेला आहे. पण शेवटच्या मोटारींच्या पाठलागात लेखकाने व्यक्तिरेखांपेक्षा यंत्रांवर अधिक भिस्त ठेवली आहे. चोरलेल्या पोलीस गाडीतून हॉलंड बिनतारी यंत्रावर खोटे संदेश देतो, पोलिसांच्या गाड्या एकमेकींवर आदळतात, संदेशांत एक बालगीत मिसळते. हे सर्व कुशलतेने चित्रित केले आहे, परंतु असा पाठलाग दुसऱ्या कोणत्याही विनोदी चित्रपटात बसू शकला असता. जिन्यातील धाव फक्त याच चित्रपटाची आहे. स्त्रियांच्या भूमिकाही अगदी तोकड्या आहेत. मिसेस चॉक आणि ती हट्टी मुलगी वगळता एकही स्त्री कथेला दिशा देत नाही. सुरुवातीच्या रिओ दि जानेरोच्या प्रसंगात ऑड्री हेपबर्न काही क्षणांसाठी दिसते, आणि तिचे पुढचे यश माहीत असलेला प्रेक्षक तिथे हमखास थबकतो, पण कथेत तिला काही काम नाही.

त्या रिओच्या प्रसंगातच हॉलंड एका पाहुण्याला आपली गोष्ट सांगू लागतो, आणि चित्रपट संपतोही तिथेच. शेवट काय होतो ते इथे लिहिणे उचित नाही. तो शेवट त्या काळच्या नैतिक अपेक्षांशी जुळवून घेणारा आहे, एवढे मात्र जाणवते. तो पाहताना माझी थोडी निराशा झाली, पण गिनेसने शेवटच्या क्षणी चेहऱ्यावर ठेवलेली प्रसन्नता पाहून हॉलंडला आपला सौदा महाग पडला असे वाटत नाही.

गिनेसला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, क्लार्क यांना कथा-पटकथेचे ऑस्कर मिळाले आणि ब्रिटिश अकादमीने वर्षातील सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपट म्हणून याचा गौरव केला. १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या पंचेचाळीस महत्त्वाच्या चित्रपटांच्या यादीतही याचे नाव आहे. क्रायटन यांनी पुढे १९८८ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, दरोडेखोरांवरचाच ‘अ फिश कॉल्ड वाँडा’ दिग्दर्शित केला. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर प्रसंग नेमका कुठे तोडायचा याची त्यांची जाण तितकीच तल्लख राहिलेली दिसते.

पाहणाऱ्यांसाठी दोन सूचना. संवाद जलद आहेत आणि लॅकरी-शॉर्टी यांची लंडनची बोली सरावाशिवाय कळत नाही, म्हणून इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवावीत. आणि चित्र स्वच्छ केलेली आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण स्लोकोम यांनी टिपलेले लंडनचे रस्ते, भट्टीतील वितळलेल्या धातूची झळाळी आणि आयफेल टॉवरच्या जाळीतून येणारा प्रकाश जुन्या, काळवंडलेल्या प्रतीत निम्मे हरवतात. हिंसा जवळजवळ नाही, अपशब्द नाहीत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सोबत बसवून हा चित्रपट निःशंकपणे दाखवता येतो.