अंगठ्याचं इन्सर्ट: चिकटवलेलं की बदलता येणारं?

इन्सर्ट म्हणजे बोलिंग बॉलच्या अंगठ्याच्या भोकात बसवलेला, अंगठ्याच्या मापाचा तुकडा. एकच बॉल असेल तर चिकटवलेलं इन्सर्ट पुरेसं आहे. त्यात हलणारा भाग नाही, आवाज नाही, देखभाल जवळजवळ शून्य. पण अंगठा खेळताना फुगतो किंवा आक्रसतो, तेव्हा भोकात टेप लावणं-काढणं एवढाच उपाय उरतो. आणि प्रत्येक बॉलमध्ये नेमकं तेच भोक कोरून घेणं अवघड असतं.

दोन-तीन बॉल वापरणाऱ्यांनी मात्र बदलता येणारंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. बाहेरची नळी बॉलमध्ये पक्की बसते, आतला तुकडा फिरवून लॉक होतो. तोच तुकडा सगळ्या बॉलमध्ये गेला की अंगठ्याला सगळीकडे सारखीच पकड मिळते आणि सुटणंही सारखं होतं. थोडं मोठं भोक असलेला दुसरा तुकडा जवळ ठेवला तर फुगलेल्या अंगठ्याची सोय होते.

याची किंमत म्हणजे निगा. नळीत धूळ आणि लेनवर, म्हणजे बॉल घरंगळतो त्या पट्टीवर, लावलेलं तेल साचतं, मग लॉक अर्धवट बसतं. कोरड्या कापडाने नळी नियमित पुसा. बॉल टाकण्याआधी तुकडा हलवून पाहा. जराही खुळखुळला तर बॉल उचलू नका. लॉकच्या कडा झिजल्या असतील तर टेपने भागवू नका, तो भागच बदला.