झाडावर चढताना तोंडाला काय लावायचं: जाळी, पारदर्शक पडदा की नुसता चष्मा?

आंब्यावरचं बांडगूळ काढायला, जुन्या हापूसची छाटणी करायला, घरावर आलेली जांभळाची फांदी दोराने उतरवायला जे वर चढतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. हेल्मेट आणि हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घ्यायची आता बऱ्याच जणांना सवय झालीये, पण तोंडासाठी काय घ्यायचं म्हटलं की दुकानदार जे समोर ठेवेल तेच घेतलं जातं, बऱ्याचदा ग्रास कटरसोबत मिळतो तसला पारदर्शक पडदा, आणि तो दुसऱ्या दिवसापासून गाडीत पडून असतो. मी तिन्ही प्रकार वर नेऊन वापरलेत म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. वर चढणाऱ्याने स्टीलच्या जाळीचा व्हायझर (हेल्मेटला लावून तोंडासमोर येतो तो पडदा) आणि त्याच्या आत सेफ्टी चष्मा अशी जोडी घ्यावी, आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर चष्मा आधी, जाळी नंतर.

जाळीचा मोठा फायदा म्हणजे हवा. मे महिन्यात कोकणात झाडाच्या आत शिरलात की वारा नसतोच, घाम हेल्मेटमधून भुवयांवर उतरत असतो, त्यात तोंडासमोर बंद पडदा असला की पाच मिनिटांत सगळं धुरकट. जाळीवर वाफ धरत नाही, ओरखडे पडले तरी दिसायला अडत नाही, पाऊस आला तर झटकायची आणि काम चालू. चेनसॉची साखळी सेकंदाला साधारण २० मीटरच्या वेगाने पळते, तिच्यातून उडणारे ढलपे आणि सालीचे तुकडे जाळी अडवते, आणि वाकवलेली डहाळी हातातून सुटून उसळते ती पण. माझ्या अनुभवात तोंडाला सगळ्यात जास्त लागतं ते या डहाळ्यांनीच, मशीनने नाही.

पण जाळी म्हणजे भोकंच की शेवटी. बारीक भुसा सरळ आत येतो. आपण वापरतो ती वाकडी हातकरवत ओढताना कापते, म्हणजे भुसा आपल्याच अंगावर येतो, आणि फांदी डोक्याच्या वर असेल तर डोळ्यातच. मी पहिली दोन वर्षं नुसत्या जाळीवर काम केलं, एकदा जांभूळ कापताना डोळ्यात काहीतरी गेलं, मी वरच बसून चोळला, खाली येऊन परत चोळला, रात्रभर डोळा उघडेना, शेवटी डॉक्टरांनी पापणी उलटी करून सालीचा एक कण काढला जो प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासत होता. तेव्हापासून चष्म्याशिवाय मी वर जात नाही. बाभळीचा किंवा बोरीचा बारीक काटा जाळीच्या भोकातून आत येऊ शकतो, खाजकुइलीचा वेल झाडावर चढलेला असेल तर तिची कुसं येतात, आंब्याचा चीक उडतो तो पण येतो आणि चिकाने कातडी भाजते हे आंबे काढणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

जाळीचे अजून दोन तोटे. एक म्हणजे उजेड कमी होतो, दाट झाडात किंवा संध्याकाळी पाचनंतर बारीक दोर आणि सुकी फांदी नीट दिसत नाही, नायलॉनच्या जाळीत तर आणखी अंधार वाटतो (नायलॉन हलकी असते, गंजत नाही, पण गरम सायलेन्सरला टेकली तर गेली). दुसरं म्हणजे स्टीलमधून वीज वाहते. झाडातून तारा जात असतील तर लाईन बंद करून घेतल्याशिवाय कुणीच चढायचं नाही, तोंडाला काहीही लावलेलं असो.

आता पारदर्शक पडदा. चीक, भुसा, नारळाच्या शेंड्यातून झावळ्यांच्या बुडातली घाण खाली पडते ती, हे सगळं तो जाळीपेक्षा चांगलं थोपवतो. जमिनीवर ब्रश कटर मारताना किंवा चीक फार असलेल्या झाडाच्या थोड्या वेळाच्या कामाला मी तोच लावतो. पण वर? वाफ धरते, उन्हात चकाकतो, हवा आली की शिडासारखा ओढतो, आणि दोन दिवस फांद्यांतून फिरलात की इतके चरे पडतात की समोर सूर्य असला तर काहीच दिसत नाही. मग माणूस काय करतो, पडदा वर ढकलतो आणि उघड्या तोंडाने कापतो. आमच्या एका पोराने नवाकोरा पडदा वर नेला आणि अर्ध्या तासात हेल्मेटवरून काढून खाली सोडून दिला, त्याला मी बोललो नाही कारण त्याला खरंच दिसत नव्हतं. ज्याच्यातून दिसत नाही ते वर टिकत नाही, म्हणून वर चढायचं असेल तर हा माझ्या यादीत शेवटी. घ्यायचाच असेल तर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक न फुटणाऱ्या प्लास्टिकचा घ्या, कोरोनात सगळे लावायचे तसली पातळ फिल्म नाही, ती फक्त थुंकी अडवायला होती.

चष्म्याचं काम वेगळं आहे. तो गालाला वाचवत नाही, पण डोळ्याच्या अगदी जवळ असतो म्हणून मान कुठेही फिरवा, तो तिथेच असतो. बाजूने वळलेला, वरून भुवईला चिकटणारा घ्या, कारण भुसा वरून पडतो. काच पांढरी किंवा फिकट पिवळी, काळी नको, झाडात क्षणात ऊन क्षणात सावली असते आणि काळ्या काचेतून सावलीतली फांदी गायब होते. नंबरचा रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी चष्मा नाही, त्याच्यावरून बसणारा मोठा चष्मा मिळतो तो घ्यायचा. पूर्ण बंद गॉगल धुळीला सगळ्यात चांगला पण तो घामाने भरतो, मी तो फक्त खाजकुइली असेल तिथे आणि ढोलीतला कुजलेला भुसा काढताना लावतो. किमतीचं म्हणाल तर बरा सेफ्टी चष्मा शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो, चांगल्या हेल्मेटवर बसणारा जाळीचा सेट मात्र महागात जातो, म्हणूनच म्हटलं की आधी चष्मा.

डोळ्याचं एवढं का लावून धरतोय ते सांगतो. झाडाचं पान, काडी, काटा डोळ्याला लागला की नुसती जखम होत नाही, त्याच्याबरोबर बुरशी आत जाऊ शकते, आणि आपल्याकडे शेतात-बागेत काम करणाऱ्यांच्या बुबुळाला बुरशीचा संसर्ग होण्याचं हे एक मोठं कारण आहे. तो लगेच कळत नाही, काही दिवसांनी डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही, मग बुबुळावर पांढरा डाग. गावात ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते पुष्कळदा अशाच जुन्या जखमेचं असतं. मेडिकलमधून स्वतःच ड्रॉप आणून घालू नका, त्यात स्टिरॉइड असलं तर बुरशी आणखी वाढते. कण गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, काही रुतलेलं असेल तर उपटायचं नाही, वरून हलकं झाकून तसंच डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

खरेदी करताना शिक्के बघा. आपल्याकडे डोळ्यांच्या संरक्षणासाठी आयएस ५९८३ हे भारतीय मानक आहे, बाहेरच्या मालावर ईएन १६६ हे युरोपचं असतं, जाळीवर ईएन १७३१, आणि नव्या मालावर आयएसओ १६३२१ दिसायला लागलंय. ईएन १६६ मध्ये एफ अक्षर म्हणजे ६ मिलीमीटरची स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटरने मारून बघितलेली, बी म्हणजे १२० मीटरने. काड्यांच्या चष्म्याला एफच्या वर शिक्का मिळत नाही, गॉगलला बीपर्यंत मिळतो. अमेरिकन मालावर झेड८७ आणि पुढे अधिकचं चिन्ह असलं की तो धक्क्याला तपासलेला. काहीच छापलेलं नसेल तर तो माल माझ्या दृष्टीने नुसतं प्लास्टिक.

आणि हेल्मेट आधी बघा, व्हायझर नंतर. एका कंपनीचा व्हायझर दुसऱ्याच्या हेल्मेटवर बहुतेक बसत नाही, कानाच्या मफसाठी ३० मिलीमीटरची खाच खूप हेल्मेटना असते पण व्हायझरचं प्रत्येकाचं आपलं आपलं. बसत नाही म्हणून हेल्मेटला ड्रिलने भोक पाडणारे मी पाहिलेत, कृपा करून ते करू नका, कवच तिथूनच तडकतं. बांधकामावरचं हनुवटीला पट्टा नसलेलं पिवळं हेल्मेट तर नकोच, पुढे जाळीचं वजन आलं की खाली वाकलात की ते सरळ जमिनीवर.

आता निगा, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण वस्तू चांगली असते पण महिन्याभरात तिच्यातून दिसेनासं होतं आणि मग ती वापरात राहत नाही. चष्मा कोरड्या गमछाने कधी पुसू नका, काचेवरचा भुसाच पॉलिश पेपरचं काम करतो. आधी पाणी ओतायचं, मग साध्या साबणाचा फेस, मग मऊ सुती कापड. पेट्रोल, थिनर अजिबात नाही, मशीन भरताना हाताला पेट्रोल असतंच आणि त्याच हाताने काच पुसली जाते, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक भेगा पडतात ज्या आधी दिसत पण नाहीत आणि मार बसला की तिथूनच फुटतं. डासांसाठी लावतो त्या मलमात डीट नावाचं रसायन असतं, त्याचा पण प्लास्टिकवर असाच परिणाम होतो, तेव्हा मलम लावून हात धुवून मग चष्मा. वाफ न धरणारा थर असलेला चष्मा तर जोरात घासायचाच नाही, थर निघून जातो.

जाळीला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं. चीक सुकून भोकं बुजली असतील तर फणस कापताना हाताला लावतो तसं थोडं खोबरेल चोळा, अर्धा तास ठेवा, मग साबणाने धुवा, पण जाळी व्हायझरवरून काढून मगच, हेल्मेटच्या प्लास्टिकला तेल नको. समुद्राच्या जवळ काम असेल तर खारी हवा आणि घाम मिळून स्टील लवकर गंजतं, ओल्या पिशवीत रात्रभर ठेवली की सकाळी तांबूस डाग. वाळवून टांगून ठेवा. आतला काळा रंग उडाला की तार उन्हात चमकते आणि समोर नुसता लखलखाट दिसतो, अशा वेळी स्प्रेने रंगवू नका, भोकं बुजतात, जाळीच नवी घ्या. तार तुटलेली, भोक मोठं झालेलं, खोल पोचा आलेला असेल तरीसुद्धा बदला. व्हायझरचा बिजागर सैल झाला असेल तर तो पण, कारण कापताकापता जाळी आपोआप वर उचलली जाते आणि दोन्ही हात गुंतलेले असतात.

माझ्याकडे माणशी दोन चष्मे असतात, एक तोंडावर, एक कापडी पिशवीत हार्नेसला. चष्म्याला दोरी लावायची तर हेल्मेटच्या मागे घट्ट बसणारी, गळ्यात लोंबणारी नको, ती फांदीत नाहीतर मशीनमध्ये अडकते, तसंच गमछाचं टोक. खाली दोर धरून उभा असतो त्याला पण चष्मा द्या, दिवसभर तो वरच बघत असतो आणि सगळा कचरा त्याच्यावर पडतो. दुकानात गेलात की हेल्मेट, जाळी, चष्मा, कानाचे मफ सगळं एकदम घालून बघा, मान पूर्ण वर करा, मग छातीला हनुवटी टेकवून गाठ बांधल्यासारखं करा, जाळी छातीला अडली किंवा चष्मा नाकावरून घसरला तर दुसरा साइज मागा.