जीईडीची तयारी: सात महिन्यांनंतर काय उपयोगी पडलं

माझं शिक्षण दहावीनंतर सुटलं. न्यू जर्सीत एलपीएन (परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स) या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जायचं तर हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला लागतो, म्हणून ४१व्या वर्षी जीईडीला, म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूल-समकक्ष परीक्षेला बसले. भाषा (इंग्रजी), गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र असे चार विषय आहेत आणि प्रत्येकात १०० ते २०० च्या मोजपट्टीवर किमान १४५ लागतात. एकेक विषय वेगळ्या दिवशी देता येतो. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

सुरुवातीला एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक आणलं आणि शाळेत करायचो तशी घोकंपट्टी सुरू केली. दोन महिने त्यातच गेले. मग 'जीईडी रेडी' ही अधिकृत सराव चाचणी दिली. ती मूळ परीक्षेच्या साधारण निम्मी असते आणि निकाल लाल (पास होणं अवघड), पिवळा (काठावर) किंवा हिरवा (पास होण्याची शक्यता) असा येतो. भाषेत मला १३८ मिळाले, म्हणजे पिवळा. पण खरी किंमत आहे ती सोबतच्या अहवालाची. कोणतं कौशल्य कच्चं आहे ते त्यात लिहिलेलं असतं. त्यानंतर मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचणं सोडून दिलं.

सगळ्यात जड गेलं ते भाषेच्या पेपरातलं ४५ मिनिटांचं लेखन. एकाच प्रश्नावर दोन विरुद्ध बाजूंचे उतारे देतात, आणि कोणाची बाजू पुराव्याने अधिक भक्कम आहे ते सिद्ध करायचं असतं. आपलं मत कोणी विचारत नाही! मराठी शाळेतल्या निबंधाची सवय हाताला इतकी होती की मी सुविचारानेच सुरुवात करायचे. आमच्या जीईडीच्या वर्गातल्या बाई प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकच लिहायच्या: 'उताऱ्यात हे कुठे आहे?' त्या प्रश्नाने माझं लिहिणं बदललं. रोज रात्री एक उतारा, समोर घड्याळ, असं तीन महिने केलं.

गणिताचा पाया आपल्याकडे पक्का झालेला असतो, तो इथे कामी आला. पहिले पाच प्रश्न कॅल्क्युलेटरविना सोडवायचे असतात, तिथे पाढे उपयोगी पडले. पुढे पडद्यावर टीआय-३०एक्सएस हा कॅल्क्युलेटर मिळतो. तसाच एक विकत घेऊन हात बसवून घ्या. अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करणारं बटण परीक्षेत शोधत बसायला वेळ नसतो. सूत्रांचा तक्ता मिळतो, त्यामुळे सूत्र पाठ करण्यापेक्षा कुठे लावायचं ते शिका.

सामाजिक शास्त्रात निम्मा भाग नागरिकशास्त्र आणि शासनव्यवस्थेचा असतो. मी अमेरिकेच्या घटनादुरुस्त्या पाठ करत होते, पण उत्तर बहुतेक वेळा दिलेल्या उताऱ्यात किंवा आलेखातच असतं. तेव्हा इंग्रजी वाचनाचा वेग वाढवा, गणित सोडून बाकी तिन्ही पेपरांना त्याचा फायदा होतो.

भाषेत दुसऱ्या सराव चाचणीत १५१ आणि प्रत्यक्ष परीक्षेत १४९ आले. गणित आणि सामाजिक शास्त्रातही पास झाले. विज्ञान पुढच्या महिन्यात आहे. त्याची सराव चाचणी हिरवी आली, त्याच दिवशी तारीख घेतली.