फिनिक्समध्ये टोमॅटो: फेब्रुवारीत लावावेत की मार्चपर्यंत थांबावं?

ॲरिझोनातल्या फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट या पट्ट्यात फेब्रुवारीत नर्सरीत टोमॅटोची रोपं दिसू लागतात आणि वाफा तयार असलेल्या प्रत्येकाला प्रश्न पडतो, आत्ताच लावून टाकावीत की थंडी पुरती जाऊ द्यावी? माझं मत पक्कं आहे: फेब्रुवारीच्या मध्याला लावा. पण थांबणाऱ्यांची बाजूही कच्ची नाही.

शहराच्या मध्यभागी फेब्रुवारी अर्धा सरल्यावर पारा शून्यापर्यंत सहसा उतरत नाही. कडेच्या मोकळ्या, सखल भागात मात्र मार्चच्या मध्यापर्यंत एखादी रात्र दगा देते आणि कोवळं रोप त्या एका रात्रीत काळं पडतं. गार मातीत मुळंही हलत नाहीत, रोप नुसतं उभं राहतं. मार्चच्या मध्याला लावलेलं रोप लगेच जोर धरतं. ज्यांना रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघून झाकाझाक करणं जमणार नाही, त्यांना हे नक्कीच सोयीचं.

मला निर्णायक वाटतं ते ऊन. इथला टोमॅटोचा हंगाम उन्हाळाच संपवतो. मे सुरू होताच फिनिक्समध्ये ३८ अंशांचे दिवस येऊ लागतात. दिवसाचं तापमान ३५ च्या वर आणि रात्रीचं २४ च्या वर राहू लागलं की परागकण निकामी होतात, फुलं गळतात, फळ धरत नाही. लावणीपासून ७५ दिवस घेणारी मोठ्या फळाची जात १५ फेब्रुवारीला लावली तर १ मेच्या सुमारास पहिली तोडणी होते. तीच १५ मार्चला लावली तर मे संपत येतो. तोवर नवीन फुलं टिकेनाशी झालेली असतात. म्हणजे थांबून वाचवलेला महिना ऐन फळाच्या काळातून वजा होतो.

लवकर लावण्याची किंमत म्हणजे काही रात्रींची राखण. रोपाभोवती चार काठ्या रोवून त्यावर जुनी सुती चादर टाका. चादर पार जमिनीला टेकली पाहिजे, कारण रोपाला ऊब देते ती दिवसभर तापलेली माती. नुसतं शेंड्यावर फडकं टाकून काही होत नाही. प्लास्टिक पानांना चिकटलं तर तिथलं पान गोठतं. माती ओलसर असली तर ऊब जास्त टिकते, म्हणून थंडीचा इशारा असेल त्या दिवशी दुपारीच पाणी द्या. ऊन चढायच्या आत चादर काढा.

छाटणीचा हिशेब मात्र उलटा. डिसेंबर-जानेवारीत करपलेली बोगनवेल, जास्वंद, घाणेरी बघवत नाहीत, हात शिवशिवतात. तरी कात्री लावू नका. वाळलेल्या फांद्या आतल्या जिवंत भागावर पांघरूण धरतात आणि छाटल्यावर फुटणारा कोवळा कोंब पुढच्या गारठ्यात आधी जातो. मार्चमध्ये कुठून फूट येते ते दिसू द्या, मग तिथपर्यंत छाटा. कुंडीतला कढीपत्ताही याच रांगेतला: रात्री आडोशाला ठेवा, कुंडी बदलायची घाई नको. लिंबू-संत्र्याला मात्र फेब्रुवारीतच खत आणि भरपूर, खोलवर पाणी द्या, बहर तोंडावर असतो.

तुमचं घर क्वीन क्रीकसारख्या कडेच्या भागात असेल, किंवा फेब्रुवारीत गावाला जाणार असाल, तर मार्चचा पहिला आठवडा धरा. पण मग मोठ्या फळाच्या जातीचा हट्ट सोडा. ५५-६० दिवसांत येणारी जात किंवा चेरी टोमॅटो घ्या, चेरीची फळधारणा उन्हातही बरी टिकते. आणि कधीही लावलेत तरी एप्रिलअखेरीस दुपारच्या उन्हासाठी शेडनेट बांधायची तयारी ठेवा.