आठ दिवस पेटी उघडू नका म्हणाला, आणि मी उघडली नाही

दोन लाख एक हजार चारशे रुपये. मधमाशांच्या पेट्या विकणाऱ्या एकाने मला एवढ्याला फसवलं. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गावात कोणी पन्नास हजार म्हणतं, कोणी पाच लाख. पाडव्याला, २ नोव्हेंबर २०२४ रोजी, मोबाइलवरून एक लाख भरले. ९ नोव्हेंबरच्या रात्री माल उतरला तेव्हा ९०,२०० रोख दिले. १४ तारखेला वरून ११,२०० चं 'प्रोटीन खाद्य' घेतलं. यातले ९० हजार बायकोच्या पोतीवर सोनेतारण करून काढलेले आहेत आणि त्याचं व्याज अजून भरतो आहे.

इमू पक्षी झाले, कडकनाथ कोंबड्या झाल्या. माल आमचा घ्या, उत्पादन आम्हीच परत घेऊ, ही रीत आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. मलाही होती. २०१९ साली कडकनाथचं उघडं पडलं तेव्हा पारावर बसून मीच म्हणत होतो की शिकलेली माणसं अशी कशी फसतात. पण माझं म्हणणंही ऐका. मधमाशी म्हणजे थोतांड नाही. आमच्या पट्ट्यात नोव्हेंबरात तूर फुलते, मागून जवस, मोहरी, जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार. फुलोरा खरंच आहे. कांद्याचं बियाणं घेणारे लोक पेट्या भाड्याने आणतात हे मी बुलडाण्याकडे डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा धंदा खोटा नव्हता, माणूस खोटा होता. हे दोन वेगळे ओळखायला मला उशीर झाला.

हिशोब असा: मेलिफेरा जातीच्या माशांच्या ३० पेट्या, पेटीत पोळ्याच्या आठ लाकडी चौकटी माशांनी भरलेल्या, ५,२०० ला एक, म्हणजे १,५६,०००. मध काढायचं यंत्र ८,५००. माशांना धूर द्यायचं यंत्र, जाळीच्या टोप्या, हातमोजे मिळून ४,२००. एका दिवसाच्या प्रशिक्षणाचे ३,०००. गाडीभाडं १२,०००. आणि 'अनुदान प्रक्रिया शुल्क' ६,५००. हे शेवटचं वाचूनच तुम्ही थांबायला पाहिजे. सरकारी अनुदानासाठी कोणी स्वतःच्या खात्यात पैसे मागत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका. त्याने ५०० च्या स्टॅम्पवर करारही करून दिला, तीन वर्षं २५० रुपये किलोने मध घेण्याचा. सातव्या कलमात बारीक अक्षरांत होतं की पेटी ताब्यात घेतल्यानंतरच्या नुकसानीला विक्रेता जबाबदार नाही. ते मी वाचलं होतं. जित्राबाचा सौदा असाच असतो, बैल घेतानाही असंच असतं, असं मनाशी म्हटलं.

आता त्या रात्रीचं. गाडी दोन वाजता आली. रात्री का, असं विचारायची सोय नाही, कारण माशा रात्रीच हलवतात, दिवसा त्या चरायला बाहेर असतात. खऱ्या रीतीच्या आडूनच त्याने हे सगळं केलं. पेट्या वावरात धुऱ्याला मांडायच्या होत्या. आमचा सालदार दोन्ही खांद्यांवर एकेक पेटी घेऊन चालला होता. चालता चालता म्हणाला, "भाऊ, ह्या पेट्या हलक्या काहून आहे? संत्र्याचा कॅरेट यापेक्षा जड राह्यते."

तिथेच. त्याच क्षणी गाडी अडवायला पाहिजे होती. आठ चौकटींवर माशा, अंडी-अळ्या आणि मध असलेली दहा चौकटींची पेटी एका माणसाला दोन्ही हातांनी उचलताना कंबर सांभाळावी लागते. ती खांद्यावर दोन-दोन जात नाही. हे मला प्रशिक्षणात त्यानेच शिकवलं होतं! मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "प्रवासात मध खाऊन घेतात दादा, आता तुमच्या तुरीवर भरतील." आणि बॅटरीच्या उजेडात एकच पेटी उघडून दाखवली. चौकट माशांनी गच्च, मध्ये लांबट राणी, पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. ती एक राणी पाहून मी तीस पेट्यांचे पैसे मोजले. पावती "उद्या पाठवतो" म्हणाला. निघताना बजावलं, "आठ दिवस पेटी उघडू नका. नवी जागा आहे, माशा बिथरतात, राणी उडून जाते."

आठ दिवस! आज याचा अर्थ कळतो. जिवंत राणी रोज अंडी घालते. अंडं तीन दिवस पोळ्यातल्या घराच्या तळाला तांदळाच्या कणीसारखं उभं असतं, मग अळी निघते. म्हणजे माल उतरल्यावर कुठलीही पेटी उघडली आणि अशी अंडी दिसली, तर गेल्या तीन दिवसांत राणी होती हे पक्कं. राणी शोधायचीसुद्धा गरज नाही. पेटी घेणाऱ्याने एवढं एक पाहिलं तरी पुरे: एका घरात एक अंडं, बरोबर तळाशी. एकूणएक पेटी उघडायला लावा, आणि उजेडात. उघडू देत नसेल तर गाडी परत.

बायकोला पाचव्या दिवशीच शंका आली होती. ती सकाळी धुऱ्याला जाऊन आली आणि म्हणाली, "अवो, पाच-सहा पेट्यांतच माशा पायाला पिवळं घेऊन जाते, बाकीच्या रिकाम्याच येते-जाते." तूर ऐन फुलात होती. अळ्या वाढवायच्या असल्या की माशा परागाचे गोळे आणतात. मी फोन केला. तो म्हणाला अशक्त झाल्या आहेत, प्रोटीन खाद्य द्या, २८० रुपये किलो, ४० किलो लागेल, झाकण सरकवून वरूनच ठेवा. ते खाद्य मी नंतर तव्यावर भाजून पाहिलं. पिठल्याचा वास आला. बेसन आणि दळलेली साखर. खरं असतं तरी काय उपयोग? ज्या पेटीत राणी नाही, अळ्या नाहीत, तिथे ते भरवायचं कोणाला? (साखरेचा पाक घरी होतो, साखर आणि पाणी सारखं, तेही फुलोरा नसेल तेव्हा आणि संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माशा लुटायला येतात. पाकाची पुडी विकणाऱ्याला हाकला.)

१८ तारखेला, नवव्या दिवशी, मी जाळी घालून सगळ्या पेट्या उघडल्या. सहांत राणी. सात पेट्यांत मूठभर माशा आणि पोळ्याचं मेण खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी. उरलेल्या सतरांत अंडी होती, पण एका घरात तीन-तीन, चार-चार, तळाला नाही तर भिंतीला चिकटलेली. झाकलेली घरं गोळीसारखी वर आलेली, म्हणजे कामकरी माशांच्या घरात सगळे नर. राणी नसलेल्या पेटीत शेवटी कामकरी माशाच अंडी घालू लागतात. त्यांचं पोट तळापर्यंत पोहोचत नाही आणि त्या अंड्यांतून नुसते नर निघतात.

हे सुरू व्हायला राणी जाऊन तीन-चार आठवडे लागतात. माझ्याकडे पेट्या येऊन नऊ दिवस झाले होते. म्हणजे माझ्या हातून राणी गेली नाही. त्याने बिनराणीच्या पेट्याच मला विकल्या आणि आठ दिवस मागून घेतले. फोनवर तो म्हणतो, "तुमच्या हाताळणीने राणी मेली, नवी पाठवतो, एकीचे ७०० पाठवा." अशा पेटीत नवी राणी सोडली तर माशा बहुतेक तिला मारून टाकतात. तेही त्याला ठाऊक असणारच.

१९ ला त्या सतरांतली एक चौकट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ठाण्यात गेलो. दुसऱ्या दिवशी मतदान. "काका, इलेक्शन आहे, नंतर या." मोजणीनंतर गेलो. "साहेब रजेवर." डिसेंबरात गेलो. "नागपूरला अधिवेशनाचा बंदोबस्त आहे." जानेवारीत साहेब भेटले तर म्हणाले, "माल दिला ना त्याने? मग दिवाणी मॅटर आहे. फसवणूक म्हणजे सुरुवातीपासून हेतू पाहिजे." अहो, तोच तर हेतू त्या चौकटीत दिसतो आहे! मी पिशवी टेबलावर ठेवली. "माशा आहेत का त्यात? बाहेर ठेवा आधी." एकानेही वाकून पाहिलं नाही. त्याचं बँकेचं खातं दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडच्या ठाण्यात जा म्हणाले. तिकडे गेलो, तर घटना तुमच्या गावची, तिकडेच द्या. एसटीचे आणि जेवणाचे पैसे मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. शेतीच्या कार्यालयात म्हणे मधमाशी आमच्या खात्यात येत नाही. ज्यांच्या खात्यात येते तिथे म्हणे तो आमच्या यादीत नाही, आम्ही काय करणार. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० या नंबरला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पण १७ दिवसांत खात्यात काही उरलं नव्हतं. तो फोन पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात करायचा असतो.

एका वकिलाने नीट सांगितलं. ठाण्याने तक्रार घेतली नाही तर तीच लेखी करून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवायची, पोचपावती जपायची, तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. भारतीय न्याय संहिता कलम ३१८. आणि जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा टाकता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. फक्त पेट्या स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतल्या हे स्पष्ट लिहा, नाहीतर व्यापारासाठी घेतल्या म्हणून समोरचा फाटे फोडतो. मी दोन्ही केलं आहे. रोख दिलेल्या ९०,२०० ची पावती नाही, तेवढ्यावरच तो वकील गप्प झाला.

सहांपैकी चार पेट्या जगल्या. संत्र्याच्या बहारात त्यांनी ११ किलो मध दिला, तो घरीच ठेवला. बाकी रिकाम्या पेट्या गोठ्यात एकावर एक रचल्या आहेत. ती चौकट मेणकिड्याने खाऊ नये म्हणून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आहे, घराघरांत चार-चार अंडी तशीच दिसतात. त्या कप्प्यात आता दुसरं काही मावत नाही, पण तारखेला आयोगाने मागितली तर काढून देईन.